शॉर्टकट उघडणारी स्क्रिप्ट दुरुस्त करताना : वाचनालयाच्या लॅपटॉपवरच्या नोंदी

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर एक लॅपटॉप आहे. विंडोज 10, 4 जीबी रॅम, आतमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क. सकाळी वाचनालय उघडलं की ग्रंथपाल मॅडम त्यावर ओळीने सगळं उघडत जातात : ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, वर्गणीची एक्सेल, कपाटांच्या याद्या, मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ, ई-मेल. हे एका क्लिकमध्ये व्हावं म्हणून पूर्वीच्या एका स्वयंसेवकाने बॅच फाइल, म्हणजे विंडोजला द्यायच्या कमांड ओळीने लिहिलेली स्क्रिप्ट, लिहून दिली होती. ती नीट चालेना, म्हणून मला बोलावलं. असंच काम दुसऱ्या वाचनालयात किंवा शाळेत कुणी करणार असेल, तर त्यांच्यासाठी या नोंदी. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

12 जून 2025

तक्रार अशी होती की स्क्रिप्ट चालवली की काळ्या खिडक्या उघडतच राहतात आणि शेवटी मशीन बटण दाबून बंद करावं लागतं. नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. आत एक ‘फॉर’ लूप : डेस्कटॉपवरचे सगळे शॉर्टकट एकामागून एक उघड. गेल्या महिन्यात सोयीसाठी या स्क्रिप्टचाच एक शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला गेला. म्हणजे स्क्रिप्ट सगळं उघडता उघडता स्वतःलाही उघडत होती, ती दुसरी तिसरीला, आणि पुढे तसंच. तो शॉर्टकट तिथून हलवल्याबरोबर खिडक्यांचा पूर थांबला.

पण मग दुसरं दिसलं. डेस्कटॉपवर जेवढी चिन्हं आहेत त्यातली निम्मी उघडतच नव्हती. याची कारणं दोन. डेस्कटॉप म्हणून आपल्याला जे दिसतं ते एक फोल्डर नसतं. वापरकर्त्याचा स्वतःचा डेस्कटॉप आणि ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’खालचा सगळ्यांचा सामायिक डेस्कटॉप, असे दोन फोल्डर विंडोज एकत्र करून दाखवतं. सगळ्यांसाठी म्हणून इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरचं चिन्ह बहुतेक वेळा दुसऱ्या फोल्डरमध्ये असतं. स्क्रिप्ट फक्त पहिल्यात बघत होती. दुसरं कारण, संकेतस्थळांच्या शॉर्टकटच्या नावाचं शेपूट बाकीच्यांसारखं ‘.एलएनके’ नसतं, ‘.यूआरएल’ असतं. लूपमध्ये फक्त ‘.एलएनके’ लिहिलं होतं, त्यामुळे विश्वकोश कधीच उघडला नव्हता.

हे शोधायला वेळ लागतो, कारण ‘.एलएनके’ हे शेपूट विंडोज दाखवतच नाही. फाइलची एक्स्टेन्शनं दाखवा अशी सेटिंग चालू केली तरी शॉर्टकटचं लपलेलंच राहतं. कमांडच्या खिडकीत ‘डीआयआर’ (फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) दिल्यावरच खरं पूर्ण नाव दिसतं. शॉर्टकटचं काहीही तपासायचं तर आधी ‘डीआयआर’, मग बाकी सगळं.

डेस्कटॉपचं वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर बॅकअप चालू असेल तर तो फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो आणि ‘यूजरप्रोफाइल’ला (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरच्या पत्त्याला) ‘डेस्कटॉप’ जोडून तयार केलेला पत्ता चुकतो. इथे तसं नव्हतं, पण ज्यांच्याकडे काहीच उघडत नाही त्यांनी हे आधी बघावं.

13 जून

डेस्कटॉपवरचं सरसकट सगळं उघडणं मुळात नकोच. प्रिंटरच्या सेटिंगचा शॉर्टकट रोज सकाळी कशाला उघडायचा? म्हणून मॅडमकडून रोज लागणाऱ्या गोष्टींची यादी घेतली आणि स्क्रिप्टमध्ये प्रत्येकीची एक ओळ लिहिली : ‘स्टार्ट’, पुढे अवतरणचिन्हांत शॉर्टकटचा पूर्ण पत्ता.

चालवल्यावर प्रत्येक ओळीला एक रिकामी काळी खिडकी. वर शीर्षकात शॉर्टकटचा पत्ता, आत नुसता प्रॉम्प्ट. कारण ‘स्टार्ट’ कमांड अवतरणचिन्हांतली पहिली गोष्ट खिडकीचं शीर्षक म्हणून घेते. पत्त्यात जागा असते म्हणून अवतरणचिन्हं घालावीच लागतात, आणि घातली की पत्ताच शीर्षक होतो. उपाय : ‘स्टार्ट’नंतर आधी रिकामी अवतरणचिन्हं "" द्यायची, मग एक जागा सोडून पत्ता. इंग्रजी नावाचे दोन शॉर्टकट लगेच उघडले.

ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरसाठी शॉर्टकटऐवजी थेट मूळ प्रोग्रॅमचा पत्ता देऊन पाहिला. प्रोग्रॅम उघडला आणि डेटाबेस सापडत नाही म्हणाला. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्ट इन’ नावाचा रकाना असतो, प्रोग्रॅमने कुठल्या फोल्डरमध्ये उभं राहून काम सुरू करायचं ते त्यात असतं. थेट प्रोग्रॅम चालवला की ती माहिती सुटते. म्हणून शॉर्टकटच उघडायचा, त्याच्या मागची फाइल नाही.

मराठी नावांचे मात्र सगळे अडले. ‘देवघेव’, ‘वर्गणी’, ‘दुसऱ्या मजल्यावरील कपाटे’, एकही नाही.

14 जून

मराठी नावांच्या ओळींवर विंडोज म्हणतं, अमुक सापडत नाही, नाव बरोबर टाइप केलंय का बघा. आणि त्या संदेशात नावाच्या जागी काय दिसतं? ग्रीक अल्फा, त्याला चिकटून डोक्यावर लाट असलेला एन, मग काहीतरी तिसरं चिन्ह. पुन्हा अल्फा, पुन्हा लाटेचा एन. अख्खं ‘देवघेव’ असं. ही जोडी ओळखून ठेवण्यासारखी आहे. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले : ई0, मग ए4 किंवा ए5. कमांडचा प्रोग्रॅम बॅच फाइल वाचतो ती जुन्या 437 क्रमांकाच्या कोड पेजने, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्याने. त्यात ई0 म्हणजे अल्फा आणि ए4 म्हणजे लाटेचा एन. तेव्हा अल्फा-एनची माळ दिसली की समजायचं, फाइल ठीक आहे, वाचणारा चुकीच्या तक्त्यातून वाचतोय.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सीएचसीपी 65001’ ही कोड पेज बदलून यूटीएफ-8 करणारी ओळ घातली. काळ्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले, पण शॉर्टकट उघडले! चौकोन दिसतात कारण त्या खिडकीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. आतलं नाव बरोबर असतं. चौकोन पाहून पुन्हा बदल करत बसू नये.

समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं पडलं, “अहो, नावंच इंग्रजीत करून टाका, कटकट मिटेल.” मिटेलही. पण या टेबलावर मॅडम आहेत, त्या रजेवर असल्या की शिपाईकाका बसतात, आणि दोघंही मराठीत वाचतात, मराठीत नोंदी ठेवतात. रजिस्टरवर ‘देवघेव’ लिहिलेलं आहे, कपाटावर ‘देवघेव’ लिहिलेलं आहे, तर पडद्यावरही तेच नाव असलं पाहिजे. स्क्रिप्टला वाचता येत नाही म्हणून माणसांनी नावं बदलायची, हे मला पटत नाही. स्क्रिप्ट बदलता येते. पुढचं सगळं काम हे धरूनच केलं.

17 जून

सोमवारी कुणीतरी फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली आणि पहिल्याच ओळीवर ‘ही कमांड ओळखता येत नाही’ असा संदेश येऊ लागला. शिवाय प्रत्येक कमांड पडद्यावर उमटू लागली. त्या एडिटरने यूटीएफ-8 बरोबर बीओएम जोडला होता. बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारे तीन न दिसणारे बाइट. ते पहिल्या कमांडला चिकटतात, त्यामुळे ‘एको ऑफ’ (कमांड पडद्यावर उमटू न देणारी कमांड) लागूच होत नाही. बीओएमशिवाय सेव्ह केल्यावर ठीक झालं.

विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून बीओएमविना यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करतो. त्याआधीचा एएनएसआय ही जुनी पद्धत धरतो, आणि त्यात मराठी सेव्ह केली की नुसती प्रश्नचिन्हं उरतात. तिथून मूळ मजकूर परत मिळत नाही, म्हणून जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांनी सेव्ह करताना खालचा एन्कोडिंगचा रकाना डोळ्यांनी बघून घ्यावा.

19 जून

‘दुसऱ्या मजल्यावरील कपाटे’ हा एकच शॉर्टकट राहिला. बाकी सगळे उघडतात, हा नाही. नाव पडद्यावर तंतोतंत सारखं. जागा मोजल्या, वेलांट्या पाहिल्या, शुद्धलेखन पाहिलं, सगळं जुळतं. दुपार यातच गेली.

शेवटी पॉवरशेलमध्ये (विंडोजची दुसरी, नवी कमांडची खिडकी) दोन्ही नावांची लांबी विचारली. ‘दुसऱ्या’ हा शब्द माझ्या स्क्रिप्टमध्ये 7 चिन्हांचा निघाला, शॉर्टकटच्या नावात 8 चा.

डोळ्यांना एकच दिसणारा तो अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’ मारलं की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, मग हलन्त, मग य. मी असं टाइप करतो. दुसरी पद्धत : साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. काही फोनेटिक कळफलक असं लिहितात, आणि मॅडमच्या मशीनवर तसलाच आहे. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच उमटतो. डिस्कवर फाइली ठेवण्याची विंडोजची व्यवस्था म्हणजे एनटीएफएस, त्याला मात्र ही दोन वेगळी नावं आहेत, ती एकच मानून घेण्याची तसदी तो घेत नाही. दोन्ही नावांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी ठेवता येतात. ठेवून पाहिल्या, राहतात.

मराठीत हे फक्त ‘दुसऱ्या’पुरतं नाही. ‘वाऱ्या’, ‘कादंबऱ्या’, ‘डायऱ्या’, ‘नोकऱ्या’, सगळीकडे हाच प्रश्न. वाचनालयात तर ‘कादंबऱ्या’ असणारच. एक्सेलमध्ये शोध घेताना यादीत असलेली नोंद सापडत नाही, त्यामागेही अनेकदा हेच असतं.

फोल्डरमधून नाव कॉपी करून स्क्रिप्टमध्ये चिकटवलं आणि शॉर्टकट उघडला. पण उद्या मॅडमनी नवीन शॉर्टकट केला तर पुन्हा तेच. नावं टाइप करणं हाच कच्चा दुवा आहे.

21 जून

सगळी रचना बदलली. सी ड्राइव्हवर एक फोल्डर, त्यात स्क्रिप्ट; त्याच्या आत ‘रोज’ नावाचा फोल्डर (हे एवढं एक नाव इंग्रजी अक्षरांत), त्यात रोज उघडायचे शॉर्टकट. स्क्रिप्ट आपलं स्वतःचं ठिकाण ‘टक्का, टिल्ड (~), डी पी शून्य’ या चिन्हांनी ओळखते, ‘रोज’मध्ये जाते आणि जे सापडेल ते ‘स्टार्ट’ने उघडते. स्क्रिप्टमध्ये आता एकही मराठी अक्षर नाही, आणि शॉर्टकटची सगळी नावं मराठी.

याचा फायदा आधी लक्षात आला नव्हता. कमांडचा प्रोग्रॅम आतून युनिकोडच (सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता) वापरतो. कोड पेजचा प्रश्न फक्त बॅच फाइलचा मजकूर वाचताना येतो. ‘फॉर’ लूप नावं थेट फोल्डरमधून उचलतो तेव्हा ती जशीच्या तशी येतात. म्हणून ‘सीएचसीपी’ची ओळ काढून पाहिली, तरी चाललं. बीओएमची भानगड संपली, ‘ऱ’चीही संपली.

उघडण्याचा क्रम लागावा म्हणून नावाआधी आकडे दिले : ‘01 देवघेव’, ‘02 वर्गणी’. आकडे दोन अंकीच हवेत, नाहीतर 10 हा 2 च्या आधी येतो.

अजून एक. लूपमधलं चलाचं अक्षर (दर फेरीत ज्याच्या जागी नवं नाव येतं ते) बॅच फाइलमध्ये दोन टक्क्यांच्या चिन्हांनी लिहायचं, कमांडच्या खिडकीत हाताने चालवून बघताना एकाच टक्क्याने. इकडचं तिकडे चिकटवलं की चुकतं.

24 जून

सगळं एकदम उघडल्यावर हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर जाऊन बसते आणि माऊसही हलेना होतो. प्रत्येक ‘स्टार्ट’नंतर ‘टाइमआउट’ घालून 8 सेकंदांचा विराम दिला. एकूण वेळ तेवढाच लागतो, पण देवघेवीची खिडकी पहिली येते आणि वाचक उभा असेल तर काम सुरू करता येतं. समितीने एसएसडीला (फिरत्या डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कला) मंजुरी दिली, 1,850 रुपये. या सगळ्या कामात पैसे म्हणून लागले ते एवढेच. बसवल्यावर विराम 3 सेकंदांवर आणला.

वर्गणीची एक्सेल कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावर आहे, झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली. लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या वाय-फाय लागलेलं नसतं, त्यामुळे तो शॉर्टकट उघडताना अडायचा. आता स्क्रिप्ट ‘इफ एक्झिस्ट’ने तो पत्ता दिसतोय का बघते, नसेल तर थोडं थांबून पुन्हा बघते. काही वेळाने सोडून देऊन पुढे जाते, कारण एका एक्सेलसाठी बाकीची कामं अडवून ठेवायला नकोत.

28 जून

मॅडमना क्लिकही नको होतं, लॉगिन झालं की आपोआप उघडावं. टास्क शेड्युलरमध्ये (कामं आपोआप सुरू करणारा विंडोजचा भाग) काम लावलं. तीन ठिकाणी अडलं, तिन्ही लिहून ठेवतो.

एक : ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो चालवा’ हा पर्याय निवडला तर टास्क यशस्वी म्हणून दाखवतो, निकाल 0x0, पण पडद्यावर काहीच नाही. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर प्रोग्रॅम चालू आहेत! अशा कामाला विंडोज वेगळ्या, न दिसणाऱ्या सेशनमध्ये चालवतं. ‘लॉगिन असेल तेव्हाच’ हा पर्याय घेतला.

दोन : ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर (सर्वोच्च अधिकाराने चालवा) खूण केल्यावर झेड ड्राइव्ह गायब. ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला साध्या लॉगिनने जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाहीत. शिवाय उघडलेलं सगळंच ॲडमिनच्या अधिकाराने चालू लागतं, तेही नको. खूण काढली.

तीन : एका सकाळी काहीच उघडलं नाही. त्या वेळी लाइट गेलेली होती आणि लॅपटॉप बॅटरीवर होता. टास्कच्या ‘कंडिशन्स’मध्ये ‘एसी पॉवर असेल तरच सुरू करा’ ही खूण आधीपासून लावलेलीच असते. आमच्याकडे सकाळची वीज धरून चालता येत नाही, म्हणून ती पहिल्यांदा काढावी.

लॉगिननंतर 30 सेकंदांचा उशीर दिला आहे. तेवढ्यात वाय-फाय जोडलं जातं.

2 जुलै

काय कधी उघडलं याची नोंद ठेवायला स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली : तारीख, वेळ, शॉर्टकटचं नाव, सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये. नोंदीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. फाइलमध्ये लिहिताना पुन्हा कोड पेज मध्ये येतं, त्यामुळे ‘सीएचसीपी 65001’ परत आणली, पण आता फक्त या नोंदीसाठी.

वेळही सगळ्यांची एकच येत होती. कंसातल्या लूपमध्ये ‘टाइम’ची किंमत लूप सुरू होतानाच एकदा घेतली जाते. यावर ‘डिलेड एक्स्पान्शन’ (किंमत दर फेरीत नव्याने घेण्याची सोय) सुचवतात, पण ते चालू केलं की नावातलं उद्गारचिन्ह गिळलं जातं, आणि आमच्याकडे ‘सूचना!’ नावाचा शॉर्टकट आहे. त्याऐवजी लूपमधून ‘कॉल’ने खालचा लेबलचा भाग बोलावला, वेळ तिथे घेतली.

प्रत्येक शॉर्टकट कुठे नेतो याची यादी पण काढून ठेवायची होती. पॉवरशेलमधून ‘डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल’ ही विंडोजमधली तयार सोय वापरून विचारलं तर इंग्रजी नावांचे पत्ते आले, मराठी नावांचे रिकामे. ही जुनी वस्तू युनिकोड नावं नीट हाताळत नाही. ‘शेल.ॲप्लिकेशन’ या दुसऱ्या सोयीतून फोल्डर उघडून ‘गेटलिंक’ मागितलं की सगळे पत्ते येतात. आणि पॉवरशेल 5.1 च्या स्क्रिप्टमध्ये मराठी मजकूर असेल तर ती बीओएमसहितच सेव्ह करावी लागते. बॅच फाइलच्या नेमकं उलट! एकाच फोल्डरमध्ये दोन्ही प्रकारच्या फाइली असतील तर हे कुठेतरी लिहून ठेवावं.

5 जुलै

स्पर्धा परीक्षेची मुलं पेनड्राइव्हवर फाइली आणून इथे प्रिंट काढतात. पेनड्राइव्हमधले फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारे व्हायरस सगळ्यांनी पाहिलेत. शॉर्टकट म्हणजे निरुपद्रवी चिन्ह नाही. 2010 साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरससारखा प्रोग्रॅम विंडोजच्या अशाच एका दोषातून पसरला होता, त्यात शॉर्टकटचं चिन्ह पडद्यावर दिसलं तरी पुरे होत असे. त्या दोषावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, पण जी स्क्रिप्ट एका फोल्डरमधलं सगळं न विचारता उघडते, तिच्या फोल्डरला कुलूप हवंच.

म्हणून ‘रोज’ फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये साध्या वापरकर्त्यांना फक्त वाचण्याची परवानगी ठेवली. मॅडम नवीन शॉर्टकट टाकतात तेव्हा विंडोज ‘कंटिन्यू’ विचारतं, तेवढं दाबायचं. लूपही ‘सगळं उघड’ असा न ठेवता दोन केले : आधी ‘.एलएनके’, मग ‘.यूआरएल’. त्यामुळे भलती फाइल उघडत नाही, आणि संकेतस्थळं शेवटी येतात, तोवर इंटरनेटही लागलेलं असतं.

12 जुलै

आठवडाभर अडचण नाही. नोंदीची फाइल रोज पाहिली. वर्गणीची एक्सेल एकदा सुटली, त्या दिवशी कार्यालयातला संगणकच बंद होता.

मॅडमनी स्वतः ‘07 कादंबऱ्या – नवी खरेदी’ हा शॉर्टकट टाकला. टाइप त्यांच्या कळफलकावर केला, झेडडब्ल्यूजेवाला ‘ऱ’. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपोआप उघडला, स्क्रिप्टला हात लावावा लागला नाही.

राहिलेलं काम : वाचन कक्षातल्या संगणकावर हेच बसवायचं आहे. शिवाय विंडोज 10 ला नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 पर्यंतच होते आणि हा लॅपटॉप 11 च्या अटींत बसत नाही. विंडोज सोडून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर जायचं ठरलं तर तिथे ‘.एलएनके’ नाही, ‘.डेस्कटॉप’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली असतात, त्यामुळे ‘रोज’मधले शॉर्टकट नव्याने करावे लागतील. नावं मात्र हीच ठेवायची, असं मॅडमशी बोलून ठरवलंय.